एकाच जागी दोन ‘गुऱ्हाळ’: नाव हुबेहूब तेच, तरी एकच उघडतं

रंकाळ्याकाठचा

मंडळी, तीन दिवस एका फोल्डरपाशी अडकलोय. काही पुसून बसण्याआधी विचारलेलं बरं, म्हणून हा धागा काढतोय. (आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थात रोमनमध्येच टाकल्यात.)

आमचं करवीर तालुक्यात नदीकाठाला गुऱ्हाळ होतं. आजोबांपासूनच्या चोपड्या खालच्या खोलीत ट्रंकांमध्ये असायच्या: कीर्द, खतावणी आणि रोजची आदणांची वही. कुणाचा ऊस आला, किती आदणं निघाली, किती रवे भरले, अडत किती कापली गेली, सगळं त्यात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि दोन ट्रंका भिजल्या. चिकटलेली पानं सुटलीच नाहीत, ती गेली. जी राहिली ती आता एकेक करून स्कॅन करतोय. ६०० डीपीआयवर टिफ, म्हणजे एका पानाला साधारण १०० एमबी.

काम तिघांत वाटलंय. मी कोल्हापुरात उबंटूवर. पुतण्या पुण्यात, त्याच्या जुन्या मॅकवर. तो एसएसएचवरून (नेटवरच्या सुरक्षित जोडणीने) आरसिंक या फाइल पाठवायच्या साधनाने माझ्या मशीनवर पाठवतो. आणि आत्याने काही वर्षांपूर्वी विंडोजवर नावं टंकून ठेवलेली पानं आणि त्यांची सूची पेनड्राइव्हने आली. सगळं माझ्या ५०० जीबीच्या डिस्कवर गोळा होतं.

परवा स्कॅन करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ आलं. हिशेबाने निम्मी डिस्क रिकामी असायला हवी होती. डीयू -एसएच (कुठल्या फोल्डरने किती जागा घेतली ते सांगणारी आज्ञा) करून बघितलं तर गुऱ्हाळ नावाचे दोन फोल्डर, एकमेकांच्या खाली, एकाच डिरेक्टरीत:

गुऱ्हाळ १८२ जीबी
गुऱ्हाळ १७५ जीबी

‘सीडी गुऱ्हाळ’ केलं की नेहमी पहिल्यातच जातो. दुसऱ्याचं नाव हाताने कसंही टाइप केलं तरी तिथे पोचत नाही. फाइंड -नेम 'गुऱ्हाळ' केलं तर एकच सापडतो. नावाच्या शेवटी रिकामी जागा असेल म्हणून अवतरणात घालून बघितलं, तसं काही नाही. एकात १,८१२ फाइल आहेत, दुसऱ्यात १,७४६. वरवर बघता पानं तीच.

एक उडवून जागा मोकळी करायची आहे, कारण पावसाआधी एक प्रत पुण्याला पाठवायचीच आहे. कुठला उडवू?

कळंबा_रोड

डिस्कच्या फाइलसिस्टिममध्ये बिघाड वाटतोय भावा. एकाच डिरेक्टरीत एका नावाच्या दोन नोंदी म्हणजे टेबल खराब झालंय. एफएससीके, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, चालवून बघा.

खासबाग

दोघांनाही सांगतो, थोडं थांबा. एफएससीके आत्ता नको, आणि चालू, माउंट केलेल्या डिस्कवर तर कधीच नको. त्याने धड असलेली डिस्कही बिघडू शकते. आरएमलाही, म्हणजे पुसायच्या आज्ञेलाही, हात लावू नका. विशेषतः ‘आरएम -आर गु*’ असलं काही करू नका. तो तारा दोन्ही फोल्डर पकडेल आणि दोन्ही जातील.

एक्स्ट४ ही उबंटूची नेहमीची फाइलसिस्टिम एका डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन नोंदी होऊ देत नाही. तुम्हाला दोन दिसताहेत म्हणजे नावं दोन आहेत. आपल्या डोळ्यांना ती एक दिसतात एवढंच. ती कुठे वेगळी आहेत ते मशीनलाच विचारू. या दोन आज्ञांचं उत्तर इथे टाका:

एलएस -आय
एलसी_ऑल=सी एलएस -बी

पहिली प्रत्येक फोल्डरचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरचा त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, दाखवेल. दुसरीत आपण एलएसला सांगतोय की तुला देवनागरी येत नाही असं समज, अक्षरं काढू नकोस, बाइट जसेच्या तसे आठच्या पायाने लिहून दे.

रंकाळ्याकाठचा

आयनोड वेगळे आहेत: ५२४३१०१ आणि ५२५०७७८. दुसऱ्या आज्ञेचं उत्तर हे. वाचता यावं म्हणून तीन-तीनचे गट मी पाडलेत, उलट्या रेघा काढून टाकल्यात:

३४० २४४ २२७ | ३४० २४५ २०१ | ३४० २४४ २६१ | ३४० २४५ २१५ | ३४० २४४ २७१ | ३४० २४४ २७६ | ३४० २४४ २६३

३४० २४४ २२७ | ३४० २४५ २०१ | ३४० २४४ २६० | ३४० २४४ २७४ | ३४० २४५ २१५ | ३४० २४४ २७१ | ३४० २४४ २७६ | ३४० २४४ २६३

दुसऱ्यात एक गट जास्त आहे!

खासबाग

सापडलं. हे नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या कुठल्या लेखात हे आपल्या अक्षराबद्दल लिहिलेलं सहसा सापडत नाही.

पहिली ओळ वाचू. २२७ वर संपणारा गट म्हणजे ग. २०१ म्हणजे उकार. २६१ म्हणजे ऱ. २१५ म्हणजे पाय मोडल्याची खूण. मग ह, काना, ळ. सात खुणा, प्रत्येकी तीन बाइट, एकूण २१ बाइट.

दुसरीत ऱ च्या जागी दोन गट आहेत. २६० म्हणजे साधा र, आणि २७४ म्हणजे नुक्ता, अक्षराखालचा टिंब. म्हणजे तिथे ऱ हे एक अक्षर म्हणून नाही, ‘र आणि खाली टिंब’ असं सुटं लिहिलंय. आठ खुणा, २४ बाइट. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो, म्हणून आपल्याला फरक कळायला वाव नाही.

युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, यू+०९३१. पण त्याच युनिकोडने हेही ठरवून दिलंय की ऱ म्हणजे यू+०९३० हा र अधिक यू+०९३सी हा नुक्ता. दोन्ही रूपं समान मानायची. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्या केलेल्याला एनएफडी.

लिनक्सचा गाभा मात्र नावाचा अर्थ लावत बसत नाही. त्याच्या लेखी फाइलचं नाव म्हणजे बाइटची माळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. दोन माळा वेगळ्या, म्हणजे दोन फोल्डर.

आता हे झालं कसं? तुमच्या पुतण्याच्या मॅकवर बहुधा एचएफएस प्लस असणार. ती फाइलसिस्टिम नाव साठवतानाच सुटं करून ठेवते. तुम्ही ऱ द्या, ती र आणि टिंब करून लिहिते. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आलं, ते नाव जसं दिलं तसं ठेवतं, पण जुन्या मशीनवर जुनंच असतं. तुम्ही मधे कधी इथलं स्कॅन त्याला पाठवलं होतं का?

रंकाळ्याकाठचा

हो. मार्चमध्ये तोवरचा सगळा फोल्डर त्याला दिला होता, त्याने वाकडी पानं सरळ करावीत म्हणून. मग तो तेच फोल्डर नवीन पानांसकट रोज रात्री परत पाठवतोय.

खासबाग

मग चित्र पूर्ण झालं. तुमचा जोडलेला ऱ तिकडे गेला, तिथे सुटा झाला, आणि परत येताना आरसिंकने तुमच्याकडे त्या बाइटचं नाव शोधलं. सापडलं नाही म्हणून नवीन फोल्डर करून सगळं त्यात भरलं. आरसिंकने चूक केलेली नाही, पुतण्यानेही नाही.

एक गोष्ट लगेच विचारून घ्या. त्याच्या आज्ञेत --डिलीट आहे का? असेल तर आज रात्रीचं पाठवणं थांबवा. पाठवणाऱ्याकडे जे नाव नाही ते पलीकडचं पुसून टाकणं, हे त्या पर्यायाचं कामच आहे. त्याच्या बाजूने बघितलं तर तुमचं मूळ गुऱ्हाळ हे त्याच्याकडे नसलेलं नाव आहे.

रंकाळ्याकाठचा

फोन करून विचारलं. --डिलीट नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात घालणार होता, जागा वाचावी म्हणून. अंगावर काटा आला खरं सांगतो.

शाहूपुरीची_लेक

मी बरीच वर्षं अक्षरजुळणी आणि मुद्रितं तपासायचं काम केलंय, म्हणून थोडी भर घालते. तुमच्याकडे या शब्दाचं तिसरं रूपही असण्याची दाट शक्यता आहे आणि ते आत्याबाईंच्या पेनड्राइव्हवर असेल.

मराठीत दर्या आणि दऱ्या हे दोन शब्द आहेत. पहिल्यात रफार डोक्यावर, दुसऱ्यात आडव्या रेघेसारखा अर्धा र. हिंदी लिहिणाऱ्याला हा दुसरा र लागत नाही. त्यामुळे संगणकावर तो काढायच्या रीती जागोजाग वेगवेगळ्या झाल्या. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून रोमन ‘जे’ची कळ दाबली की ऱ येतो, मग पाय मोडायचा. ही सरळ रीत. पण कित्येक टंकन साधनांत साधा र घेऊन, त्याचा पाय मोडून, पुढे शून्य रुंदीचं जोडक चिन्ह टाकलं जायचं. ते चिन्ह पडद्यावर दिसत नाही, जागाही घेत नाही. फक्त फॉन्टला सांगतं की हा र डोक्यावर चढवू नकोस, इथेच अर्धा काढ. दिसायला पुन्हा तेच.

त्याचे बाइट असे असतात: ३४० २४४ २६०, मग ३४० २४५ २१५, मग ३४२ २०० २१५. शेवटचा गट म्हणजे ते जोडक. मोजायला गेलात तर याचेही नऊ बाइट आणि मॅकच्या ‘र, टिंब, पायमोड’ याचेही नऊच. म्हणून नुसती लांबी मोजून ओळखू येत नाही, बाइट वाचावेच लागतात.

आणि महत्त्वाचं हे की एनएफसी करून हे रूप बदलत नाही. युनिकोड याला ऱ च्या समान मानतच नाही. खासबाग जी आज्ञा देतील ती याला हात न लावता पुढे जाईल आणि तुम्हाला वाटेल सगळं दुरुस्त झालं.

गुऱ्हाळ, शेतकऱ्यांची, बंधाऱ्याची, कऱ्हाड. आपल्या भागातल्या वहीत या अक्षराशिवाय एक पान निघायचं नाही. म्हणून हे तपासाच.

रंकाळ्याकाठचा

ताई, कसं शोधू? डोळ्यांनी तर अशक्य आहे.

शाहूपुरीची_लेक

बॅशमध्ये:

फाइंड . | ग्रेप $'\३४२\२००\२१५'

जिथे जिथे जोडक आहे ती नावं येतील. पण आलेलं सगळं पुसायचं नाही हं. ते चिन्ह काही ठिकाणी मुद्दाम घातलेलं असतं, जोडाक्षर फोडून अर्धं रूप दाखवायला. आपल्याला फक्त ‘र, पायमोड, जोडक’ हा तिघांचा गट बदलून तिथे ‘ऱ, पायमोड’ करायचा आहे.

रंकाळ्याकाठचा

२१२ फाइल आणि एक फोल्डर! ‘शेतकऱ्यांची खाती’ हा आत्याचा आख्खा फोल्डर. गेल्या महिन्यात एका वर्षाची खाती फाइंडने शोधत होतो तेव्हा सापडली नाहीत. पाण्यात गेली असं धरून सोडून दिली होती. ती इथेच होती.

मूळचा_कागलचा

मधेच घुसतोय, विषय जवळचा आहे. फोटो स्टुडिओच्या जुन्या फाइल हलवताना एमव्ही * देतो तर ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ येतं. इंग्रजी नावांच्या फोल्डरला एवढ्याच फाइल असून चालतं, मराठी नावांच्याला नाही. हेही युनिकोडचंच का?

खासबाग

अप्रत्यक्षपणे हो. * टाकलं की शेल सगळी नावं उलगडून एका आज्ञेत भरतं, आणि त्या एकूण लांबीला मर्यादा आहे. नेहमीच्या लिनक्सवर ती साधारण २ एमबी असते. मर्यादा बाइटवर आहे, आणि देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट खाते. त्यामुळे आपली नावं तिथे लवकर पोचतात. शेलला उलगडू देऊ नका, फाइंडला करू द्या:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -टाइप एफ -एक्झेक एमव्ही -टी नवीन/ {} +

शेवटच्या अधिकच्या खुणेमुळे फाइंड मावतील तेवढी नावं एका वेळी देतं, मग पुढची. एक्सआर्ग्स वापरणार असाल तर फाइंडला -प्रिंट० आणि एक्सआर्ग्सला -० दिल्याशिवाय वापरू नका. नाहीतर ‘शेतकऱ्यांची खाती’ या नावाचे मधल्या रिकाम्या जागेपाशी दोन तुकडे होतात आणि आज्ञा ‘खाती’ नावाची भलतीच फाइल शोधत जाते. आरएमसोबत हे झालं आणि ‘खाती’ नावाची खरीच फाइल असली, तर ती गेली.

शाहूपुरीची_लेक

बाइटवरून आठवलं. एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीत म्हणजे ८५ खुणा, आणि मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ यात आपल्याला पाच अक्षरं दिसतात: शे, त, क, ऱ्यां, ची. मोजायला घेतलं तर श, एकमात्रा, त, क, ऱ, पायमोड, य, काना, अनुस्वार, च, दीर्घ वेलांटी. अकरा खुणा, ३३ बाइट. गावाचं नाव, खातेदाराचं नाव, वर्ष, पान असं सगळं फाइलच्या नावात भरणाऱ्यांचं गाडं लवकर अडतं. तपशील सूचीच्या फाइलमध्ये ठेवावा, नाव आटोपशीर असावं.

खासबाग

आता दुरुस्ती. घाई नको, आणि आधी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा. ते झालं की पुढचं.

ज्याचं नाव टाइप करता येत नाही त्याला आयनोडने धरायचं. मॅककडून आलेला कुठला ते तुम्हाला माहीत आहे, त्याला तात्पुरतं रोमन नाव द्या, म्हणजे पुढे गोंधळ नको:

फाइंड . -मॅक्सडेप्थ १ -आयनम ५२५०७७८ -एक्झेक एमव्ही {} मॅकप्रत \;

मग मॅकप्रतीच्या आतली सगळी नावं जोडलेल्या रूपात आणा. त्यासाठी कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन आहे:

कॉन्व्हएमव्ही -आर -एफ यूटीएफ८ -टी यूटीएफ८ --एनएफसी मॅकप्रत

हे असं दिलं तर ते काहीही बदलत नाही, काय बदललं असतं तेवढं दाखवतं. यादी वाचा. पटली तर तीच आज्ञा --नोटेस्ट जोडून परत. ही सवय मला फार आवडते, प्रत्येक नाव बदलणाऱ्या साधनात ती असायला हवी होती.

आत्याबाईंच्या नावांसाठी पर्लचं रीनेम. उबंटूवर ते वेगळं बसवावं लागतं. फेडोरावर रीनेम नावाचं दुसरंच साधन असतं, त्याची रीत निराळी, कुणाकडे ते असेल तर ही आज्ञा चालायची नाही:

फाइंड . -डेप्थ -एक्झेकडिर रीनेम -एन 'एस/\३४०\२४४\२६०\३४०\२४५\२१५\३४२\२००\२१५/\३४०\२४४\२६१\३४०\२४५\२१५/जी' {} +

-डेप्थ विसरू नका. फोल्डरचं नाव आधी बदललं तर आतल्या फाइलचा पत्ता चुकतो. आतून बाहेर यायचं. इथेही -एन म्हणजे नुसतं दाखवणं. खरं करायचं तेव्हा -एन काढा.

यानंतर डिफ -आरक्यू गुऱ्हाळ मॅकप्रत. त्यात ‘ओन्ली इन’ अशा ओळी येतील, म्हणजे एकाच बाजूला असलेल्या फाइल, आणि ‘डिफर’ अशा, म्हणजे नाव तेच पण आतला मजकूर वेगळा. त्या ओळी इथे सांगा. तोवर काही पुसू नका.

रंकाळ्याकाठचा

काल रात्री बसलो. कपाटातली प्रत घ्यायलाच पाच तास गेले. आज सकाळी पुढचं केलं.

कॉन्व्हएमव्हीची चाचणी यादी वाचली, पहिली शंभर नावं एकेक करून. मग --नोटेस्ट. रीनेमची यादी २१३ ओळींची आली, २१२ फाइल आणि तो फोल्डर, बरोबर जमलं.

डिफचं उत्तर:
दोन्हीकडे असलेल्या फाइल १,६८३. त्यातल्या १,६७९ बाइटशः सारख्या. ४ वेगळ्या.
फक्त माझ्याकडच्या १२९.
फक्त मॅकप्रतीत ६३.

या ६३ म्हणजे पुतण्याने एप्रिलपासून पुण्यात स्कॅन केलेली १९७४ ची आदणांची वही. तो मूळ वह्या घेऊन गेला होता. त्या चार म्हणजे त्याने सरळ करून दिलेली पानं. मी परवा मॅकवाला फोल्डर उडवला असता तर ही ६३ जाणार होती, माझा उडवला असता तर १२९.

खासबाग

आता ‘आरसिंक -एव्हीएन --इग्नोर-एक्झिस्टिंग मॅकप्रत/ गुऱ्हाळ/’ करून बघा. मॅकप्रतनंतरची तिरकी रेघ हवीच. ती विसरलात तर गुऱ्हाळच्या आत मॅकप्रत नावाचा नवा फोल्डर तयार होईल. यादीत बरोबर ६३ फाइल आल्या तर एन काढून खरं चालवा. चार वेगळ्या पानांची दोन्ही रूपं ठेवा, सरळ केलेल्याच्या नावाला शेवटी ‘-सरळ’ जोडून. एकूण १,८७९ फाइल व्हायला हव्यात. आकडा जुळला की मगच मॅकप्रत पुसा.

रंकाळ्याकाठचा

१,८७९. जुळलं. साधारण १७५ जीबी मोकळे झाले.

मूळचा_कागलचा

माझ्याकडे पुसूनही जागा मोकळी झाली नाही असं एकदा झालेलं. डीयू कमी दाखवतं, डीएफ (डिस्कची एकूण शिल्लक जागा दाखवणारी आज्ञा) भरलेलीच.

खासबाग

एखादा प्रोग्राम ती फाइल अजून उघडून बसलेला असेल. नाव गेलं तरी तो सोडत नाही तोवर जागा सुटत नाही. एलएसओएफ +एल१ करा, कोण धरून बसलंय ते दिसेल. तो प्रोग्राम बंद करून चालू केला की झालं.

कळंबा_रोड

एफएससीकेचा माझा सल्ला चुकीचा होता, क्षमस्व. एक विचारू का, आज रात्री पुतण्या परत पाठवेल तेव्हा पुन्हा तेच होणार ना?

खासबाग

होणार. म्हणून त्याच्या बाजूने आरसिंकला रूपांतर सांगायचं: --आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८. आधी स्वतःकडचं, स्वल्पविराम, मग पलीकडचं. हा पर्याय आरसिंकच्या ३.०.० आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून आहे. पण मॅकसोबत कितीतरी वर्षं २.६.९ हीच जुनी आवृत्ती येत होती, तिला हा माहीत नाही. होमब्रूने (मॅकवर अशी साधनं बसवायची सोय) नवीन बसवावी लागेल, आणि नवीनच चालतेय ना हे ‘आरसिंक --व्हर्जन’ करून खात्री करावी.

गिट वापरणाऱ्यांसाठी: मॅकवर कोअर.प्रीकंपोजयुनिकोड हा पर्याय आहे, तो चालू असला की नावं जोडलेल्या रूपात नोंदली जातात.

शाहूपुरीची_लेक

आणि सूचीच्या फाइलमधला मजकूर? नावं सुधारली तरी सूचीत आत्याबाईंनी टंकलेला र जुनाच असेल. ग्रेप 'गुऱ्हाळ' केलं तर निम्म्या ओळी सुटतील. यूकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी ने मॅकचं रूप सुधारेल, जोडकवाल्या र साठी सेड या मजकूर बदलणाऱ्या आज्ञेने वरचीच बदली करा. मूळ सूची तशीच ठेवून नवीन फाइलमध्ये लिहा.

रंकाळ्याकाठचा

केलं ताई. सूचीत जोडकवाला र ३४० ठिकाणी होता. आता ‘शेतकऱ्यांची’ शोधलं की सगळ्या ओळी येतात. एका खातेदाराचं नाव तिन्ही रूपांत तीन वेगळी माणसं असल्यासारखं मोजलं गेलं होतं, तेही एक झालं.

पुतण्याने नवीन आरसिंक बसवलं. काल रात्री त्याने पाठवलेली ११ पानं मूळ गुऱ्हाळमध्येच येऊन पडली, दुसरा फोल्डर झाला नाही.

खासबाग, रोज आपोआप तपासता येईल असं काही आहे का? पावसात मी इथे नसेन, नवीन पानांची नावं मोबाइलवरून टाकेन. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की आम्ही वरच्या मजल्यावर सामान हलवायला लागतो. ४३ ही धोक्याची पातळी, तेव्हा संगणकापाशी बसायला कुणाला वेळ नसतो.

खासबाग

ही एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या सोयीत, ठेवा:

फाइंड . | यूकॉन्व्ह -एक्स एनी-एनएफसी | एलसी_ऑल=सी सॉर्ट | एलसी_ऑल=सी युनिक -डी

सगळी नावं जोडलेल्या रूपात आणून, क्रमाने लावून, ज्यांची जोडी निघते तेवढीच दाखवते. काहीच छापलं नाही म्हणजे जुळी नावं नाहीत. एलसी_ऑल=सी दोन्हीकडे लिहा, म्हणजे तुलना बाइटवरच होईल. जोडकवाल्या र साठी ताईंची ग्रेपची ओळ तिच्या खाली. उत्तर मेलने पुतण्याकडे जाऊ द्या.

रंकाळ्याकाठचा

बसवली. आज रिकामं उत्तर आलं.

शाहूपुरीची_लेक

एक राहिलं. तुम्ही म्हणालात की नवीन पानांची नावं आता मोबाइलवरून टाकणार. त्या कीबोर्डचा ऱ कुठल्या रूपातला आहे ते आधी बघून घ्या. मोबाइलवर फक्त ‘गुऱ्हाळ’ एवढा एक शब्द लिहून स्वतःला पाठवा, आणि इकडे तो ओडी -बी (बाइट आकड्यांत दाखवणारी आज्ञा) मधून काढा.

रंकाळ्याकाठचा

काढला. ३४० २४४ २२७, ३४० २४५ २०१, ३४० २४४ २६१, ३४० २४५ २१५, ३४० २४४ २७१, ३४० २४४ २७६, ३४० २४४ २६३. आत्याच्या मोबाइलवरूनही मागवलाय, संध्याकाळी टाकतो.

रंकाळ्याकाठचा

आत्याचा आला. तिसऱ्या गटात २६०, आणि पाचव्या गटात ३४२ २०० २१५. जोडकवालाच आहे. उद्या तिच्याकडे जाऊन कीबोर्ड बदलून देतो.